सत्त्वाचे डबे आणि तुळशीराम मिस्त्री

तुळशीराम मिस्त्री मला पहिल्यांदा भेटले तेव्हा माझ्या हातात तीन इंग्रजी कॅटलॉग होते आणि त्यांच्या हातात मूठभर पीठ. आमच्या दोघांत शिकलेला माणूस मी, अशी माझी त्या दिवशी पक्की समजूत होती.

नागपूरहून बी.एस्सी. होऊन मी अकोल्याला दादासाहेबांकडे नोकरीला लागलो होतो. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि आमच्या भागात कारखाना म्हटलं की लोकांना कापसाचं जिन एवढंच ठाऊक होतं. दादासाहेबांचंही जिन होतं. पण अमरावतीच्या राजापेठेत दवाखाना चालवणाऱ्या त्यांच्या एका डॉक्टर मित्राने त्यांच्या डोक्यात एक गोष्ट भरवली होती. धारणीकडच्या रानात पावसाळ्याचे चार महिने रस्ते बंद असतात. आईचं दूध तुटलेल्या लेकरांना देण्याजोगं, टिकणारं असं काही डब्यात भरून कोणी दिलं, तर तिथल्या दवाखान्यांना ते हवंच होतं. दादासाहेबांनी जिनाच्या आवारातलं एक गोदाम झाडून घेतलं, मोड आणून वाळवलेले गहू, मूग, केळीचं पीठ आणि खडीसाखर यांचं सत्त्व करायला सुरुवात केली, आणि ते बिघडतं की नाही हे पाहायला मला ठेवलं.

सत्त्व चांगलं होत होतं. सगळं अडत होतं ते डब्यापाशी. बाया चमच्याने भरत, तागडीत तोलत, आणि एक टिनवाला झाकणाला वितळलेल्या कथलाचा डाख देऊन डबा बंद करी. बरंच पीठ हवेत उडे. डाखाचा एखादा थेंब डब्यात पडे तो वेगळाच. दादासाहेबांनी मला यंत्रं निवडायला सांगितली. मी कॅटलॉग मागवले, वहीत रकाने आखले आणि मिनिटाला चाळीस डबे भरणाऱ्या एका यंत्रापुढे तांबड्या शाईने खूण केली. दादासाहेबांनी वही पाहिली आणि म्हणाले, “छान. आता हे मिस्त्रींना दाखव.”

मिस्त्री म्हणजे जिनाचे फिटर. वय पन्नाशीचं, अंग काटकुळं, कान मोठे, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. घराणं माळ्याचं. मोर्णेच्या काठी त्यांच्या भावांची वांग्या-मेथीची वाडी होती. आमचा तुळशीराम एकदा जिनात इंजिन पाहायला गेला तो पुन्हा वाडीत आलाच नाही, असं त्यांचे थोरले भाऊ सांगत. शाळा मराठी चौथीपर्यंत. मी त्यांना कॅटलॉगमधलं वाचून दाखवलं. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकलं आणि विचारलं,

“मिनिटाले चाळीस डबे भरते म्हणता. पण कायचे?”

मला प्रश्न कळला नाही.

“मिठाचे, साखरेचे, का आपल्या या पिठाचे?” असं म्हणून त्यांनी मूठ उघडली. पीठ सांडलं नाही. बोटांचे ठसे उमटलेला एक गोळा तळहातावर तसाच राहिला. “पाहा बापू, हे पडत नाई. हे बसते. जे बसते ते नरसाळ्यातून खाली येईन कसं?”

माझ्या वहीत त्या गोष्टीसाठी रकाना नव्हता.

पुढचे आठ दिवस मिस्त्रींनी यंत्राचं नावही काढलं नाही. ते पिठाच्या मागे लागले. सकाळचं पीठ, दुपारचं पीठ, पाऊस उघडल्यावरचं आणि पडत असतानाचं. कागदाच्या पुंगळीतून ते ओतून पाहत, पुंगळीला टिचकी मारत, किती टिचक्यांनी खाली येतं ते मोजत. डबा आपटला की पीठ किती खाली बसतं हे त्यांनी काडीवर खुणा करून ठेवलं. एक दिवस तर त्यांनी कामावरच्या सगळ्या बायांना भिंतीशी उभं केलं आणि त्यातल्या सर्वांत बुटक्या बाईच्या कोपराची जमिनीपासूनची उंची सुतळीने मोजून घेतली. बाया हसल्या. मिस्त्री हसले नाहीत. दिवसभर हात वर करून काम करणाऱ्या बाईचा डबा संध्याकाळी तिरपा जातो, एवढंच त्यांनी सांगितलं आणि सुतळीला गाठ मारून ती खिशात टाकली.

त्यांच्या काही सवयी होत्या. यंत्राला हात लावण्याआधी ते हात धुवत. नंतर तर सगळेच धुतात. नव्या यंत्रासमोर आधी बराच वेळ पाठीमागे हात बांधून नुसते उभे राहत आणि त्या वेळी कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. जेवण झालं की गोणपाटावर पडून थोडा वेळ झोपत. त्या झोपेत शेजारी भांडण झालं तरी त्यांना जाग येत नसे, पण इंजिनाचा आवाज जरा बदलला की उठून बसत. कोणत्याच यंत्राला ते वाईट म्हणत नसत. “हिचं माहेर चांगलं आहे, पण ही आपल्या घरी नांदणार नाई,” असं म्हणत आणि तो विषय तिथेच संपे. कौतुकही कोणाचं करत नसत. त्यांनी काही न बोलता पुढचं काम हाती दिलं, की आपलं काम जमलं असं आम्ही समजायचं.

यंत्र पाहायला दादासाहेबांनी आम्हा दोघांना मुंबईला पाठवलं. मिस्त्रींनी बरोबर काय घेतलं असेल, तर दोन पायली सत्त्व, एका पिशवीत. एजंटाच्या गोदामात मी खूण केलेलं यंत्र दिमाखात उभं होतं. तिथल्या विक्रेत्याने बारीक मीठ घालून ते चालवून दाखवलं. डबे भराभर भरून पुढे सरकत होते आणि मी मिस्त्रींकडे पाहत होतो. ते पाठीमागे हात बांधून उभे होते. मीठ संपल्यावर त्यांनी पिशवी पुढे केली.

पहिले चार डबे भरले. पाचवा अर्धा भरला. सहावा रिकामाच पुढे गेला. वरच्या नरसाळ्यात सत्त्वाची कमान धरली होती आणि तिच्याखाली पोकळ जागा होती. विक्रेत्याने नरसाळ्याला बुक्क्या मारल्या तेव्हा ते सगळं एकदम कोसळलं आणि आम्ही तिघेही पांढरे झालो. विक्रेता चिडून म्हणाला की तुमचं पीठच नीट नाही.

“असं आहे जी,” मिस्त्री शांतपणे म्हणाले, “पीठ लेकरायसाठी केलं आहे, यंत्रासाठी नाई. ते काई बदलत नाई.”

मग त्यांनी ते यंत्र धुवायला खोलून दाखवा म्हणून सांगितलं. विक्रेत्याला हे आजवर कोणी सांगितलं नसावं. खोलायला तीन तऱ्हेचे पाने लागले आणि तासाच्या वर वेळ गेला. आतल्या एका कोपऱ्यात, जिथे बोट पोचत नव्हतं, तिथे आमचं सत्त्व चिकटून बसलं होतं. मिस्त्रींनी ते मला दाखवलं. आठ दिवसांनी त्या कोपऱ्यात काय होईल हे सांगायला मीच नोकरीला होतो.

परत फिरताना त्यांचं लक्ष गोदामाच्या टोकाला धूळ खात पडलेल्या एका लहान यंत्राकडे गेलं. नरसाळ्याच्या मधोमध उभं मळसूत्र होतं. पायाने कळ दाबली की मळसूत्र ठरावीक फेरे फिरे आणि तेवढंच पीठ खाली ढकलून थांबे. मिस्त्रींनी उरलेलं सत्त्व त्यात घातलं. कमान धरायला जागाच नव्हती, कारण मळसूत्र तिला कापत होतं. तीस डबे भरले, तीसही तोलले, वजन एकसारखं. खिशातून सुतळी काढून त्यांनी टेबलाची उंची पाहिली. एकच पाना लागत होता आणि नरसाळं दोन्ही हातांनी उचलून हौदाखाली धरता येत होतं. वेग मात्र मिनिटाला दहा-बारा डबे. त्यांनी झाकण मुडपायचं यंत्रही तेवढ्याच वेगाचं निवडलं, त्याहून जलद तिथे नव्हतंच. डब्याची आणि झाकणाची कड एकात एक गुंफून दोन रुळांनी दाबून टाकणारं, डाखाची गरज नसलेलं.

दादासाहेबांची निराशा झाली. त्यांनी चार लोकांना मोठ्या यंत्राबद्दल आधीच सांगून ठेवलं होतं. दहा-बारा डब्यांचं यंत्र पाहायला कोण येणार? मिस्त्रींनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी भर पावसात त्यांनी बायांना जलद हाताने साठ डबे भरून ओळीने उघडे ठेवायला सांगितलं. टिनवाल्याला त्याच्या चालीने बंद करायला बसवलं. शेवटच्या डब्याची पाळी यायला दुपार झाली. मिस्त्रींनी तो उचलून दादासाहेबांच्या टेबलावर उपडा केला. पीठ पडलं नाही. वर पापडासारखा थर धरला होता, साखरेने हवेतली ओल ओढून घेतली होती.

“भरणारी चाळीस भरीन, पण मुडपणारी बारा मुडपीन,” ते म्हणाले. “बाकीचे अठ्ठावीस असे उघडे बसतीन. वरात सगळ्यात म्हाताऱ्या बैलाच्या चालीनंच चालते, दादासाहेब.”

दादासाहेबांनी पापड बोटाने मोडून पाहिला आणि मळसूत्राचं यंत्र मागवायला सांगितलं.

थंडीत यंत्रं आली. जिनाच्या इंजिनावरून पट्टा घेऊन ती बसवली. मिस्त्रींनी एक नेम घालून दिला. दर शंभर डब्यांतले पाच उचलायचे, गरम पाण्यात बुडवून धरायचे आणि बुडबुडा येतो का ते पाहायचं. बुडबुडा आला तर मुडप कुठेतरी सैल आहे. जिथून हवा बाहेर येते तिथून ओल आत जाते. हे पाहायचं काम ते दुसऱ्या कोणाला देत नसत.

उन्हाळ्याच्या अखेरीला धारणीकडच्या दवाखान्यांची पहिली मागणी आली. शेवटचे दोनशे डबे राहिले होते, मोटार दारात उभी होती, आभाळ भरून आलं होतं आणि घाटातला रस्ता कधीही बंद झाला असता. मिस्त्री पाण्याचं पातेलं चुलीवर ठेवत होते. मीच त्यांना म्हणालो की इतक्या दिवसांत एकही बुडबुडा आला नाही, आज एक दिवस राहू द्या, नाहीतर माल इथेच पडून राहील आणि तिथली मुलं उपाशी.  त्यांनी पातेलं खाली उतरवलं. मोटार गेली.

दर खेपेचे काही डबे नमुना म्हणून आमच्याकडे राहत. आठ दिवसांनी मिस्त्री माझ्या खोलीत आले आणि त्यांनी दोन डबे टेबलावर ठेवले. शेवटच्या दोनशेतल्या बारा नमुन्यांपैकी या दोन डब्यांतून बुडबुडे आले होते. मुडपायच्या यंत्राचा एक रूळ झिजून केसभर सरकला होता. ही गोष्ट त्या वेळी जगात आम्हा दोघांनाच ठाऊक होती, आणि दवाखान्यांकडून काही तक्रार आली नव्हती. मी काही बोलायच्या आत ते दादासाहेबांच्या खोलीकडे निघाले. मी मागोमाग गेलो.

“शेवटचा माल मी न पाहता सोडला,” त्यांनी सांगितलं. “त्यातले काई डबे फुटके आहेत. मले धारणीले जाऊ द्या.”

दादासाहेबांनी कोणाच्या सांगण्यावरून सोडला असं विचारलं.

“हात माये होते,” मिस्त्री म्हणाले.

मी तिथे उभा होतो. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी उघडलं नाही.

धारणीला मात्र मी त्यांच्याबरोबर गेलो. परतवाड्यापर्यंत मोटार मिळाली, पुढे बरंचसं बैलगाडीने. बदली देण्यासाठी चांगले डबे गवतात बांधून घेतले होते. चिखलात गाडी रुतली की मिस्त्री उतरून चाकाला खांदा लावत. शेवटचे डबे जिथे उतरले होते त्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला आमचं येणं समजेचना. तक्रार नाही, कोणी आजारी नाही, मग तुम्ही आलात कशाला, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मिस्त्रींनी त्याच्याकडून मोठं पातेलं मागून घेतलं आणि ओसरीवर चूल मांडली. दोन दिवस ते एकेक डबा पाण्यात धरत होते. मी पुसून ठेवत होतो. तीसेक डबे वाईट निघाले. एक डबा मात्र आधीच वाटला गेला होता, तीन कोसांवरच्या एका पाड्यात.

मी म्हणालो की कंपाउंडर निरोप देईल. मिस्त्री चालूही लागले होते. कंपाउंडर वाट दाखवायला आणि बोली समजावायला आमच्याबरोबर आला.

कोरकू बाई होती, विशीतली. तिच्या मांडीवर वर्षाची पोर होती. सत्त्वाचे डब्यात दगड झाले होते आणि ती ते दगडाने फोडून, पाण्यात कालवून मुलीला भरवत होती. आम्ही डबा मागितला तेव्हा तिने तो पाठीमागे लपवला. आपलं काही चुकलं म्हणून सरकारची माणसं डबा परत न्यायला आली, असं तिला वाटत होतं. कंपाउंडरने मोठ्याने समजावलं तशी ती आणखीच घाबरली. मग मिस्त्री जमिनीवर बसले. त्यांनी आपले दोन चांगले डबे तिच्यासमोर ठेवले आणि कंपाउंडरला म्हणाले, “तिले सांगा, चूक तिची नाई. डब्याची नाई. मायी आहे.”

कंपाउंडरने ते सांगितलं. बाईने पाठीमागचा डबा पुढे केला. आतलं सत्त्व मिस्त्रींनी दूर नेऊन खड्ड्यात पुरलं. रिकामा डबा तिला मिठासाठी हवा होता, तो त्यांनी ओढ्यावर घासून, उन्हाची तिरीप आली तिथे वाळवून तिला परत दिला. नव्या डब्यातलं सत्त्व तिने कालवलं. पोरीने चार बोटं चाटून खाल्ली. ते पाहिल्याशिवाय ते उठले नाहीत.

ती मुलगी सुखरूप होती. कारखान्याचं मात्र तसं झालं नाही. धारणीच्या फेरीची बातमी वर पोचली आणि ज्यांचा माल परत घ्यावा लागतो त्यांच्याकडून पुढची मागणी कशाला, असं कोणीतरी कागदावर लिहिलं. त्या वर्षीची उरलेली मागणी गेली. दादासाहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांना राग कोणावर तरी काढायचा होता. मिस्त्रींना त्यांनी पुन्हा जिनात पाठवलं. मिस्त्री गेले. मळसूत्राच्या यंत्रावर मी एका दुसऱ्या माणसाला बसवलं. त्याचं काम ठीक होतं. रोज सकाळी आवारातून येताना जिनाच्या दाराशी मिस्त्री हात धुताना दिसत. ते मान हलवत, मी हलवत असे, आणि दिवसेंदिवस त्या बाजूने यायचं मला जड जाऊ लागलं.

दिवाळीच्या आधी एका सकाळी मी दादासाहेबांना सगळं सांगून टाकलं. पातेलं मीच उतरवायला लावलं होतं, हे सांगितलं.  ते म्हणाले, “मला वाटलंच होतं. तो आपणहून विसरणारा माणूस नव्हे.” त्यांनी मला काढून टाकलं नाही. मिस्त्रींना त्याच दिवशी परत बोलावलं.

मिस्त्रींना मी कबुली दिल्याचं कळलं तेव्हा ते खूश होतील असं मला वाटलं होतं. ते रागावले. तेवढं रागावलेलं मी त्यांना एकदाच पाहिलं.

“कावून सांगतलं तुमी? मी काई तुमच्यासाठी गप्प नव्हतो बसलो. तुमी बोलले, बोलणं तुमचं काम. पातेलं मी उतरोलं. कोणी म्हणते म्हणून उतरोलं, असं सांगतलं असतं तं मंग माया हाताले काय अर्थ राह्यला?”

 त्यांनी नवा रूळ माझ्या हातात दिला आणि तो बसवेपर्यंत जागेवर धरून ठेवायला सांगितलं. मला वाटतं, त्यांच्या परीने तो विषय तिथे मिटला. त्या दिवसापासून शंभरातले पाच नव्हे, दहा डबे पाण्यात जाऊ लागले. पुढे दोन वर्षांनी राजापेठेतल्या डॉक्टरांनीच खटपट करून धारणीची मागणी परत मिळवून दिली. लढाईच्या काळात पत्रा मिळेनासा होईपर्यंत ती टिकली, आणि तोवर आमचा एकही डबा परत आला नाही.

पत्रा संपला तसा कारखानाही संपला. मी अमरावतीला शाळेत शिकवू लागलो. मिस्त्री जिनातून सुटून जठारपेठेत मुलाकडे राहायला गेले. अकोल्याला गेलो की मी त्यांच्याकडे जात असे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदूचे पडदे वाढत होते. अमरावतीला येऊन डॉक्टरांना दाखवा म्हणून मी दरवेळी सांगत असे आणि ते दरवेळी हो म्हणत.

शेवटचा गेलो तो हिवाळा होता. सून म्हणाली, आता त्यांना माणूस आवाजावरूनच कळतो. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. भाकरी आणि वांग्याची भाजी खाऊ घातली, माझ्या बायकोच्या दम्याची चौकशी केली, शाळेतली मुलं ऐकतात का ते विचारलं. कारखान्याचं काही आम्ही बोललो नाही. निघालो तेव्हा मी नको नको म्हणत असताना ते भिंतीला हात लावत माझ्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत आले. तिथून दोन रस्ते फुटतात. एक सरळ स्टेशनकडे जातो, दुसरा बाजाराला वळसा घालून जातो. “जा आता, गाडी चुकीन,” असं म्हणून ते थांबले.

मी स्टेशनच्या रस्त्याला लागलो. थोडं पुढे जाऊन मागे वळून पाहिलं. मिस्त्री अजून तिथेच उभे होते, हात वर केलेला, तोंड बाजाराच्या रस्त्याकडे. मी तिकडून गेलो असं त्यांना वाटलं होतं आणि त्या रिकाम्या रस्त्याला ते निरोप देत होते.

हाक मारायचं मनात आलं, पण मारली नाही. पायांचा आवाज होऊ न देता मी परत आलो, त्यांच्या मागून गेलो आणि बाजाराच्या रस्त्याला लागलो. काही अंतर गेल्यावर खाकरलो. त्यांनी मान किंचित हलवली आणि हात आणखी थोडा वर केला.